हात व्हॉल्व्हपर्यंत गेला आणि थांबला

वाचकाचं पत्र:

‘मी ३६ वर्षांचा आहे. नऊ वर्षं मालगाडीवर गार्ड होतो. चार महिन्यांपूर्वी पॅसेंजरला प्रमोशन मिळालं. तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळ, गाडी अठरा मिनिटं लेट. एका लहान स्टेशनावर स्टार्टर सिग्नल मिळाला होता, ड्रायव्हर वॉकीवर दोनदा विचारत होता. मी ऑल राइट दिलं, म्हणजे गाडी सोडायचा इशारा. गाडी हलली आणि माझ्याकडून पाचव्या डब्याच्या दारातून एक म्हातारी मागच्या मागे जाताना दिसली. तिचा एक पाय पायरीवर होता. प्लॅटफॉर्मचं ते टोक खाली आहे, तिथं दिवाही नाही. गाडी थांबवायचा ब्रेकचा व्हॉल्व्ह शेजारीच होता. माझा हात व्हॉल्व्हपर्यंत गेला आणि थांबला. तेवढ्यात लोकांनी तिला ओढून आत घेतलं. पुढच्या स्टेशनावर मी पळत जाऊन पाहिलं. कोपर खरचटलं होतं. ती मलाच म्हणाली, “जाऊ द्या साहेब, माझंच चुकलं.” तक्रार झाली नाही, चौकशी झाली नाही. पण तेव्हापासून मला धड झोप नाही. परत मालगाडीवर पाठवा, असा अर्ज लिहून खिशात घेऊन फिरतो आहे. बायको म्हणते, काही झालं नाही ना, मग विसरा. मी अर्ज देऊ का? हे कुणाला सांगू का? त्या आजींना शोधून काढावं, असंही वाटतं.
– खानदेशातून एक गार्ड’

प्रिय गार्डसाहेब,

जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे बोर्डाने आपल्या पदाचं नाव बदललं. तुमच्या प्रमोशनच्या आदेशावर ‘सीनियर पॅसेंजर ट्रेन मॅनेजर’ असं लिहिलेलं असणार. पण सही तुम्ही ‘एक गार्ड’ अशी केलीत, आणि स्टेशनावरचा हमालही अजून गार्डसाहेब म्हणूनच हाक मारतो. म्हणून मीही तेच म्हणतो. मी स्वतः १९८७ ते २०२० हीच नोकरी केली. आधी माल, मग पॅसेंजर, शेवटी मेल. तेव्हा हे उत्तर बाहेरच्या माणसाचं नाही.

खिशात अर्ज घेऊन ड्युटी करणाऱ्याला ताटकळत ठेवू नये, म्हणून उत्तर आधीच देतो. अर्ज देऊ नका. निदान सहा महिने तरी देऊ नका. आणि झालं ते सांगा. बायकोला सांगितलंत ते चांगलंच केलंत, पण तेवढ्यानं भागणार नाही. गाडीच्या शेवटी, गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्ये उभं राहणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे अशा माणसाला सांगा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडलो: ‘हात व्हॉल्व्हपर्यंत गेला आणि थांबला.’ गाडी लेट होती, स्टार्टर मिळाला होता, ड्रायव्हर घाई करत होता, यातून ऑल राइट घाईत का दिलं गेलं ते कळतं. चारशे मीटर लांबीची अठरा डब्यांची गाडी, टोकाला अंधार, माणसाच्या नजरेतून सुटू शकतं. पण तुमची झोप त्यामुळं गेलेली नाही. तुम्हाला दिसलं होतं. हात निघाला होता. आणि त्या अर्ध्या क्षणात डोक्यात अठरा मिनिटं आली, गाड्यांच्या वेळेवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोलचा आवाज आला, ‘एकोणिसावं मिनिट कुणाच्या खात्यावर टाकू?’ हा प्रश्न आला. हात थांबला तो त्यामुळं. बायको मायेपोटी ‘काही झालं नाही’ म्हणते, आणि म्हातारीच्या बाबतीत ते खरंही आहे. तुमच्या बाबतीत मात्र काहीतरी झालं आहे, आणि ते विसरा असं मी सांगणार नाही.

माझंही असंच एक संध्याकाळचं ओझं आहे. ते आधी सांगतो.

१९९८ चा हिवाळा. मला पॅसेंजरला येऊन दोन महिने झाले होते. सिंगल लाइनचा सेक्शन, हातात रॉकेलची हातबत्ती, दोन मिनिटांचा थांबा. एक बाई पाणी भरायला उतरली होती. नळ प्लॅटफॉर्मच्या मधोमध, तिथं दहा जणांची झुंबड. मास्तरांनी सिग्नल दिला, तिकडून इंजिनाची शिटी झाली, मी हिरवा दाखवला. गाडी सुटली तेव्हा ती बाई एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात पदर धरून पळताना मला स्वच्छ दिसली. मला वाटलं, पकडेल. अशा बायका पकडतात, मी रोज पाहत होतो. ब्रेकचं हँडल माझ्यापासून वीतभर होतं. मी ते ओढलं नाही. ती पकडू शकली नाही. माझा डबा तिच्यासमोरून गेला तेव्हा ती माझ्याकडं बघून ओरडली, ‘पोरं आहेत आत!’

पुढच्या स्टेशनावर मेल पुढं काढायला आम्हाला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतलं. डब्यातले लोक दोन पोरांना धरून माझ्याकडं घेऊन आले. थोरला सातेक वर्षांचा, धाकटी चारेक वर्षांची. मी दोघांना माझ्या लाइनबॉक्सवर बसवलं. तुम्हाला आता ट्रॉली बॅग मिळत असेल, आमची ती लोखंडी पेटी होती, वर पांढऱ्या रंगात नाव घातलेली. थोरला रडत नव्हता. पेटीवरची माझ्या नावाची अक्षरं तो बोटानं गिरवत होता, एकेक, पुन्हा पहिल्यापासून. धाकटीला मी डब्यातली पोळी दिली, तिनं ती खाल्ली नाही, नुसती मुठीत धरून ठेवली. मी स्टेशनातून मागच्या मास्तरांना फोन करवला, बाईला पुढच्या गाडीत बसवा म्हणून सांगितलं, पोरांना या मास्तरांच्या ऑफिसात बसवलं आणि माझी गाडी घेऊन निघालो. आठवड्याने त्याच मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, आई दोन तासांनी आली, आधी थोरल्याच्या पाठीत एक रपाटा घातला, मग दोघांना उराशी धरून खाली फरशीवरच बसली.

तक्रार झाली नाही. चौकशी झाली नाही. ‘काही झालं नाही.’ मी हे चौदा महिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या चौदा महिन्यांत मी चांगला गार्ड नव्हतो. कधी विनाकारण गाडी रोखून धरायचो, कधी कुणी काही बोलायच्या आत घाईघाईनं हिरवा दाखवायचो. दोन्ही भीतीपोटीच. तुम्ही तिथवर जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

आता मालगाडीचं. तुम्हाला परत तिकडं जावंसं वाटतं, ते मला पूर्ण समजतं. तिथं सगळं कष्टाचं आहे. ना दिवा ना संडास अशा किती ब्रेकव्हॅनमध्ये तुम्ही रात्री काढल्या असतील, लूपमध्ये पाच-पाच तास पडून राहिला असाल. गाडी मधेच अडकली तर मागच्या गाडीला इशारा म्हणून रुळावर ठेवायचे फटाके घेऊन मागं चालत गेला असाल, ६०० मीटरवर एक, १२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. रात्रीच्या वेळी, एकट्यानं, पावलाखाली खडी. ते काम हिमतीचं आहे आणि ते तुम्ही नऊ वर्षं केलंत. पण तिथं तुमच्यावर कुणी नजर ठेवून नसतं. तुम्ही गाडी दोन मिनिटं जास्त थांबवली तर चाळीस वाघिणींतला कोळसा कुरकुरत नाही.

पॅसेंजरला सगळ्यांनाच गाडी सुटलेली हवी असते. ड्रायव्हरला हवी असते, मास्तरांना हवी असते, कंट्रोलला तर हवीच असते. डब्यात जागा मिळालेल्या हजारभर लोकांना ती आत्ताच्या आत्ता हवी असते. थांबलेली हवी असते ती फक्त दारात अडकलेल्या एकाला, आणि त्याचा आवाज तुमच्यापर्यंत येत नाही. मालगाडीवर नऊ वर्षं काढूनही हे अंगवळणी पडत नाही, कारण तिथं त्याची कधी गरजच लागली नाही. तुम्ही कमी पडलात असं नाही. तुम्ही हे काम अजून शिकता आहात, आणि पहिल्या तीन आठवड्यांतच त्यानं तुम्हाला गाठलं.

एक गोष्ट मला माझ्या सीनियरनं शिकवली. चौदा महिन्यांनी मी ज्यांच्यापाशी मन मोकळं केलं तेच हे. रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीत, रात्री साडेअकराला, भाजी गरम करता करता. ते म्हणाले, ‘स्टार्टर तुला काय सांगतो?’ मी म्हणालो, गाडी सोडा. ते म्हणाले, ‘चूक. स्टार्टर सांगतो, पुढचा रस्ता मोकळा आहे. गाडी तयार आहे की नाही हे त्याला काय माहीत? ते फक्त तू सांगायचं.’ रेल्वेच्या नियमांत, जनरल रूल्समध्येही तेच आहे. सगळं ठीक आहे अशी स्वतःची खात्री झाल्याशिवाय गार्डानं गाडी सोडायचा इशारा द्यायचा नाही. खात्री स्वतःची हवी. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं म्हणून खात्री होत नसते. तो विचारतो ते बरोबरच आहे, त्याचं काम विचारणं आहे. तुम्ही ‘थांबा, दार बघतो’ एवढे तीन शब्द वॉकीवर बोललात की तो गप्प बसेल. चांगले लोको पायलट तर उलट निर्धास्त होतात, मागं कुणीतरी जागा आहे म्हणून.

ड्युटीवर साइन ऑन झाल्यावर, ब्रेकचा दाब बघून, बीपीसी म्हणजे ब्रेकचं प्रमाणपत्र तपासून, मागचा ‘शेवटचा डबा’ सांगणारा एलव्ही बोर्ड आणि टेल लॅम्प पाहून झाला की तुम्ही इंजिनाकडं जाता का? मी पहिल्या वर्षी जात नव्हतो. लांब पडतं, वेळ नसतो. तरी जमेल तेव्हा जा, नाही तर वॉकीवर दोन मिनिटं बोला. आज कुठल्या स्टेशनावर गर्दी आहे, कुठला प्लॅटफॉर्म वळणावर आहे, कुठं गाडी थोडी पुढं घेऊन थांबवली तर मागचे डबे खालच्या टोकाला येणार नाहीत, हे आधी बोललेलं असलं की ऐनवेळी वाद होत नाही. आणि ऑल राइट देताना गाडीचा नंबर घेऊनच द्या. मोठ्या स्टेशनात दोन गाड्या उभ्या असतात, दुसऱ्या गार्डाचं ऑल राइट आपल्या ड्रायव्हरनं ऐकलं, असं होऊ शकतं.

दारं कशी पाहायची, ते आता माझ्या पद्धतीनं सांगतो. तुम्ही तुमची पद्धत बसवाल. गाडी थांबली की ब्रेकव्हॅनच्या दारात उभं न राहता खाली उतरायचं आणि दोन पावलं बाजूला जाऊन उभं राहायचं. दारातून गाडीची कड दिसते, खालून माणसांचे पाय दिसतात. पहिली नजर सगळ्यात लांबच्या टोकाला, तिथून एकेक दार जवळ आणत यायचं. बहुतेक जण उलटं करतात, जवळून लांब जातात, आणि नजर पोचेपर्यंत सिग्नल आलेला असतो. वळणावर पुढचे डबे दिसतच नाहीत. तिथं मास्तरांच्या माणसाचा किंवा पुढच्या असिस्टंटचा इशारा घेतल्याशिवाय मी कधी गाडी सोडली नाही. मग एक नजर पुलाच्या जिन्यावर.

जिन्याचं सांगतो. जिन्यावरून पळत येणाऱ्या प्रत्येकासाठी गाडी थांबवता येत नाही, थांबवूही नये. नाही तर शेगावला गुरुवारी तुमची गाडी सुटणारच नाही. पण ज्याचा पाय पायरीवर आहे, ज्याचं गाठोडं आत आणि माणूस बाहेर आहे, ज्याचं पोर आत आणि आई बाहेर आहे, तो प्रवासी तुमच्या गाडीचा झाला. त्याच्यासाठी थांबायचं. हे एकदा मनात पक्कं केलं की दर स्टेशनावर नव्यानं विचार करावा लागत नाही, आणि ऐनवेळी हात अडखळत नाही.

मुंबईत आता वातानुकूलित लोकल आहे, २५ डिसेंबर २०१७ ला पहिली धावली. तिची दारं गार्ड बंद करतो. वंदे भारतची दारंही आपोआप मिटतात. तुमच्या गाडीला यातलं काही नाही. तिची प्रत्येक डब्याची चार दारं उघडी आणि ती प्रवाशांच्या हाती. तिथं यंत्र करतं ते काम तुमच्या गाडीत तुमची नजरच करते, म्हणून तिला घाई करू नका.

आणि हात. गाडी हलली आणि तरीही दिसलं, तर काय? पहिलं, वॉकीवर ‘स्टॉप, स्टॉप’ आणि गाडीचा नंबर. त्याच वेळी लाल. उत्तर आलं नाही तर व्हॉल्व्ह. सुटताना गाडी माणसाच्या चालीनं जात असते, त्या वेगाला ब्रेक लागला तर डब्यात कुणाचा चहा सांडेल, यापेक्षा जास्त काही होत नाही. भर वेगात विनाकारण ओढणं वेगळं, ते करायचं नाही. हे मी लिहितो आहे आणि तुम्ही वाचता आहात, पण हाताला हे वाचून कळत नाही. म्हणून एक करा. रेक, म्हणजे गाडीचे जोडलेले डबे, यार्डात उभा असताना, ब्रेकची तपासणी चालू असताना, सांगूनसवरून व्हॉल्व्ह स्वतः उघडून बघा. ब्रेकच्या दाबाच्या गेजवरचा काटा ४.८ वरून घसरताना बघा, हवेचा तो आवाज ऐका. तुमच्या हातानं गाडी थांबते, हे हाताला एकदा कळू द्या. मी पॅसेंजरला येऊन वर्ष उलटेपर्यंत ते केलं नव्हतं. नियमात माझ्याकडं अधिकार होता, पण हँडल मला परकं वाटायचं.

थांबवली तर वहीत लिहा. ‘अमुक स्टेशन, वयस्क प्रवासी चढत असल्याने एक मिनिट’, बस. डिटेन्शनचं, म्हणजे गाडी थांबवल्याचं, कारण लिहिलेलं असलं की विचारणारा विचारतो आणि पुढं जातो. न लिहिलेलं मिनिटच नंतर त्रास देतं. माझ्या सगळ्या नोकरीत अशा मिनिटांचा जाब मला पाच-सहा वेळा द्यावा लागला. एकदाही पगाराला धक्का लागला नाही.

आता कुणाला सांगायचं. तुमच्या टीआय, म्हणजे ट्रॅफिक इन्स्पेक्टर साहेबांना सांगा. कारवाई होणारच नाही, असा शब्द मी देऊ शकत नाही. मी स्वतः अशा तीन गोष्टी सांगितल्या, एकदा लेखी ताकीद मिळाली, दोनदा नुसतं ऐकून घेतलं. पण तुमच्याकडं सांगण्यासारखं स्वतःच्या चुकीपलीकडचंही काही आहे. त्या स्टेशनाचं टोक खाली आहे आणि तिथं दिवा नाही. हे तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलं, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. सत्तर वर्षांच्या बाईला नऊवारी सावरत, अंधारात, गुडघ्याएवढी पायरी चढायची असेल तर दोन मिनिटं पुरत नाहीत. तिथं दिवा लागू शकतो. गाडी थांबवायची खूण चार डबे पुढं जाऊ शकते. हे कुणी सांगितल्याशिवाय होत नाही, आणि सांगणार कोण? ती म्हातारी तर ‘माझंच चुकलं’ म्हणून मोकळी झाली. तारीख, गाडीचा नंबर, माझ्याकडून पाचवा डबा, असं सगळं कागदावर उतरवून न्या. सेफ्टी सेमिनारला बोलायची वेळ आली तर उभं राहून सांगा. नव्यानं प्रमोट झालेले तीन-चार जण तिथं खाली मान घालून बसलेले असतील, त्यांच्याही खिशात काही ना काही असेल.

झोपेचं मी हलक्यात घेणार नाही. तीन महिन्यांहून जास्त धड झोप नाही, आणि तुम्ही गाडीवर ड्युटी करता. नियमानं तुम्हाला आठ तास किंवा जास्तीच्या ड्युटीनंतर मुख्यालयात सोळा तास विश्रांती आहे. ती कागदावर मिळते, पण घरात मिळते का? सकाळी साइन ऑफ करून आलेला माणूस आणि बँकेचं काम, गॅस सिलिंडर, पोरांची शाळा. बायकोला विश्वासात घ्या. पॅसेंजरच्या लिंकचा, म्हणजे ठरलेल्या ड्युटीच्या वेळापत्रकाचा, एक मोठा फायदा आहे, पुढच्या आठवड्यात तुम्ही कधी घरी असाल ते आधी कळतं. मालगाडीत ते कधीच कळत नव्हतं. लिंक फ्रिजवर चिकटवा, झोपेच्या वेळेभोवती लाल रेघ मारा, त्या वेळेत फोन तिच्याकडं द्या. मनानं झोपेच्या गोळ्या आणू नका. त्यांची गुंगी ड्युटीवर येते, आणि तुमची ड्युटी कसली आहे ते तुम्हाला माहीत आहे. रेल्वेच्या दवाखान्यात गेलो तर मेडिकलमध्ये अडकवतील, ही धास्ती मला माहीत आहे, मीही तिच्यामुळं गेलो नव्हतो, आणि ती माझी चूक होती. तरीही पाऊल उचलत नसेल तर आधी १४४१६ वर फोन करा. ती केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिथून सुरुवात करा आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडं जाच. डोळ्यासमोर तेच दृश्य पुन्हा पुन्हा येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नुसतं ‘झोप येत नाही’ म्हणू नका.

बायकोला आणखी एक सांगा. ‘काही झालं नाही’ हे वाक्य तुम्हाला का लागतं, ते तिला कळत नसेल. माझ्या बायकोला मी दोन पोरांची गोष्ट सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, ‘धाकटीनं पोळी नंतर खाल्ली का हो?’ मला माहीत नव्हतं. पण त्या रात्री मी झोपलो. तुम्ही म्हातारीचं कोपर, अंधारं टोक, हात थांबला तो क्षण, सगळं सांगा. सारांश सांगू नका.

अर्जाचं काय करायचं? फाडू नका, घरी कपाटात ठेवा. सहा महिने या गाडीवर, मी म्हटलं तसं करून काढा. एक आषाढी या कामात जाऊ द्या, जादा गाड्यांवर ड्युटी लागली तर नाही म्हणू नका. वारकऱ्यांची गर्दी मोठी असते, पण ती एकमेकांना हात देऊन चढते. गर्दी म्हणजे नुसता धोका नव्हे, हे तिथं दिसेल. त्यानंतरही दर स्टेशनावर छातीत धडधडत असेल, तर कपाटातला अर्ज काढा आणि द्या. त्यात मानहानी काही नाही, मालगाडीलाही चांगला गार्ड लागतोच. पण आज दिलात तर तुम्ही त्या संध्याकाळपासून पळून जाल, आणि लूपमधल्या पाच तासांत तिच्याशिवाय दुसरं काही सोबतीला नसेल.

आजींना शोधू नका. त्यांचं नाव तुम्हाला माहीत नाही, आणि साहेब घरी आले म्हटल्यावर ती माउली घाबरून जाईल. पण ती त्याच स्टेशनावरून पुन्हा चढेल. लेकीकडं जात असेल, दवाखान्यात जात असेल, अशी माणसं एकाच गाडीची असतात. तुमची लिंक तिथं पुन्हा येईल. गाडी थांबली की खाली उतरा, बत्ती घेऊन चार डबे पुढं त्या अंधाऱ्या टोकाकडं चालत जा, आणि चढणाऱ्यांच्या पायांशी उजेड धरा. तोवर ड्रायव्हरनं विचारलं तर सांगा, दार बघतो आहे.